बोलणारा माणूस कुठे बसलाय?

बी-३०४: ए-५०२ च्या ताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर स्थानिक रेडिओ ऐका म्हणून सांगितलं, तसा दोन दिवस ऐकला. खरं सांगतो, निवेदक अडखळतात, आणि एका मुलाखतीत तर पंख्याची घरघर पाहुण्यांच्या आवाजापेक्षा मोठी होती. मोठ्या म्युझिक स्टेशनवर असं कधी होत नाही. दर्जा म्हणायचा तो कुणाचा?

ए-५०२: दादा, दर शनिवारी मी तिथे तासभर कार्यक्रम करते. पंख्याची चूक आमची, मान्य. पण सफाई म्हणजे दर्जा नाही. मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांवर गाणी निवडायची एक रीत आहे: गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा श्रोत्यांना ऐकवायचा आणि मत विचारायचं. ज्याचा कुणालाच फारसा त्रास होत नाही ते गाणं यादीत राहतं, आणि वरची काही गाणी दर दोन-तीन तासांनी फिरून येतात. एकाला जीव की प्राण आणि दुसऱ्याला अजिबात नको, असं गाणं त्या चाळणीत टिकतच नाही. मला तर वाटतं, ऐकावीत अशी गाणी बहुतेक तीच असतात.

सी-१०१: तरीच गाडीत तेच तेच लागतं! मला वाटायचं माझी वेळच तशी आहे.

ए-५०२: हो काकू. आणि निवेदक ‘सुप्रभात’ म्हणतो तेव्हा तो सकाळी तिथे असतोच असं नाही. चार तासांच्या कार्यक्रमातलं त्याचं बोलणं आधीच झटपट रेकॉर्ड करून ठेवता येतं, एकाच माणसाचं अनेक शहरांसाठीही. व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात त्याला.

बी-३०४: पण त्यानं ऐकणाऱ्याचं काय बिघडतं?

ए-५०२: एरवी काहीच नाही. संकटाच्या वेळी बिघडतं. अमेरिकेत एका कंपनीला देशभरात ४० केंद्रांची मर्यादा होती, ती १९९६ च्या कायद्यानं उठली. काही वर्षांत एकाच कंपनीकडे बाराशेच्या वर केंद्रं गेली. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातल्या मायनॉटजवळ मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग शहरावर आला. तिथली सहा व्यावसायिक केंद्रं त्या एकाच कंपनीची. पोलिस फोन करत राहिले, केंद्राशी संपर्क होईना. कंपनी म्हणाली, पोलिसांनी इशाऱ्याची यंत्रणा नीट वापरली नाही. तो वाद पुढे चालत राहिला, पण इशारा लोकांपर्यंत वेळेवर गेला नाही. हे वाचल्यापासून रेडिओ लावला की पहिला प्रश्न मनात येतो, बोलणारा माणूस आत्ता कुठे बसलाय?

डी-४०२: सगळं पटतं. पण पैसा? स्थानिक केंद्र चालवायचं कुणाच्या जिवावर?

ए-५०२: अवघड आहे काका, खोटं कशाला सांगू. पण अमेरिकेतल्या बर्कलीचं केपीएफए हे रेडिओ केंद्र १९४९ मध्ये श्रोत्यांच्या वर्गणीवर चालवायचं म्हणूनच सुरू झालं. आताच्या तेलंगणातल्या माचनूर गावात २००८ मध्ये दलित बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. शेती, बियाणं, त्यांच्याच बोलीतली गाणी. असा कार्यक्रम दूरच्या कार्यालयात बसून कोण करणार?

सी-१०१: बायकांनी स्वतः? यंत्रंही त्याच सांभाळतात?

ए-५०२: हो, ध्वनिमुद्रणसुद्धा. आणि दादा, परवाच मी एका जुन्या गाण्याचा संगीतकार चुकीचा सांगितला. गाणं संपायच्या आत एका आजोबांचा फोन. तसंच त्यांना थेट प्रसारणात घेतलं. त्या गाण्याच्या वेळी ते स्वतः वाद्यवृंदात होते. पुढची वीस मिनिटं मी एकही गाणं लावलं नाही.

बी-३०४: तो भाग मी ऐकला. ते आजोबा बोलत होते तेव्हा घरी स्वयंपाकघरातून सगळे बाहेर येऊन बसले होते.
पंख्याचं मात्र मनावर घ्या. पाहुण्यांना माइकपासून वीतभर अंतरावर बसवा आणि माइकचा आवाज तेवढा कमी करा, घरघर बरीच मागे जाते. शनिवारी हवा तर मी येऊन लावून देतो.

ए-५०२: या. नऊला निघते मी.