निर्बंध शिथिल झाले. घरच्यांना काय सांगावे?

२१ जून २०२१, दुबई

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील निपाणी तालुक्यातील गावी एकटेच राहतात. वडील ७२ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. एप्रिलच्या अखेरीस त्यांना कोरोना झाला, स्टेरॉइड द्यावी लागली आणि १४ मे रोजी ते दवाखान्यातून घरी आले. आजपासून बेळगाव जिल्ह्यात दुकाने संध्याकाळी पाचपर्यंत उघडी राहणार असल्याचे कळल्यावर वडिलांनी लगेच कोल्हापूरला आत्याकडे जाण्याचे ठरवले आहे. फोनवर विचारले की "बरं आहे" एवढेच उत्तर मिळते. गावातील सूचना कानडीत असल्याने त्यांना त्या वाचता येत नाहीत. मी इथून त्यांना नेमके काय सांगावे, हे अक्कांनी कृपया कळवावे.

२२ जून २०२१, खानापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचले. मी सरकारी आरोग्य सेवेतून परिचारिका म्हणून निवृत्त झाले असले, तरी गेले दोन महिने आमच्या गल्लीतील आजारी माणसांची नोंद ठेवते आहे. त्या अनुभवावरूनच लिहिते.

जिल्ह्याचा बाधित दर, म्हणजे शंभर चाचण्यांत किती जणांना कोरोना निघतो तो आकडा, पाच टक्क्यांच्या खाली आल्यामुळे कर्नाटक सरकारने निर्बंध शिथिल केलेल्या १६ जिल्ह्यांच्या यादीत बेळगावचे नाव आले आणि बससुद्धा निम्म्या प्रवाशांसह सुरू झाल्या. मात्र रात्री सातनंतरची संचारबंदी कायम आहे, आणि शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी पहाटेपर्यंतचीही. शिवाय हा आकडा एका जिल्ह्याचा आहे, आपल्या माणसांचा वावर मात्र दोन राज्यांत असतो. निपाणीचा माणूस बाजाराला, लग्नाला आणि दवाखान्याला कोल्हापूर गाठतो, आणि त्याच कोल्हापूरला महाराष्ट्राने जूनच्या सुरुवातीला निर्बंधांच्या पाच स्तरांपैकी चौथ्या, म्हणजे बऱ्याच कडक स्तरात ठेवले होते. म्हणून वडिलांनी बेळगावच्या आकड्यावर विसंबून कोल्हापूरला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परतताना राज्याच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा अहवाल मागतात, ती यातायात वेगळीच.

त्यांना आजार होऊन गेला आहे म्हणून तुम्ही निर्धास्त झाला असाल, पण मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी काळ्या बुरशीला वाट करून देते, आणि ती आजार उतरल्यानंतरही काही आठवड्यांनी दिसते. नाकाची एकच बाजू चोंदणे, नाकातून काळसर स्राव येणे, गालावर सूज किंवा बधिरपणा, वरचे दात हलू लागणे, एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही जाणवले तर दाढदुखी समजून लवंग ठेवत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील साखर किती आहे, हे आठवड्यातून एकदा तरी आकड्यात विचारा.

आकड्यात विचारा, हेच मला सर्व मंडळींना कळकळीने सांगायचे आहे. आपली वडीलधारी माणसे परदेशातल्या मुलाला कधीच "बरं नाही" म्हणत नाहीत. तुमच्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा इथे सात वाजलेले असतात. ती वेळ ठरवून घ्या आणि ताप किती व ऑक्सिजन किती एवढेच आधी विचारा, बाकीच्या गप्पा मागाहून. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला तर थांबू नये, पण मोजणी नीट झाली आहे याची खात्री करावी. परवा शेजारच्या आजी भाताच्या शेतातून भिजून आल्या, तेव्हा ऑक्सिमीटरने ८८ दाखवले आणि घरात रडारड सुरू झाली. त्यांची बोटे गार पडून सुरकुतली होती. चुलीपुढे बसवून हात शेकले, दहा मिनिटांनी त्याच बोटावर ९६ आले. आता पावसाळा लागला आहे, त्यामुळे हे घरोघरी होणार. उलट "पावसाचा ताप आहे" म्हणून दोन-तीन दिवस अंगावर काढण्याची सवयही याच दिवसांतली, आणि तिच्यापायी उशीर होतो.

सूचना कानडीत असण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे. आमच्याकडेही तसाच कानडी कागद फलकावर लागला. त्यात घरी राहणाऱ्या रुग्णाने लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस वेगळे राहावे आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर पुन्हा चाचणी करण्याची गरज नाही, असे साफ लिहिले होते. ते न कळल्याने आमच्या गल्लीतील एक शेतकरी भाड्याची गाडी करून तालुक्याच्या गावी गेला आणि बरे झाल्याचा अहवाल हवा म्हणून दिवसभर रांगेत उभा राहिला. ज्याच्या जिवासाठी सूचना काढली, त्याला ती वाचता येऊ नये, याचे मला फार दुःख होते. अशा कागदाचा फोटो मागवून घ्या. इथे कानडी वाचणारे आम्ही आहोत, त्याच दिवशी मराठी करून पाठवू. मात्र तो आईवडिलांना फोनवर वाचून दाखवा, नुसता पुढे ढकलू नका.

लसीचे थोडक्यात सांगते. आजारातून बरे झाल्यावर तीन महिने थांबावे, असा नियम असल्याने वडिलांची पाळी ऑगस्टच्या मध्यानंतर येते. आईंनी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला असेल तर दुसरा ८४ दिवसांनी मिळेल. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी परदेशी निघालेल्यांना २८ दिवसांनंतरही तो घेता येतो, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो.

आपली,
अक्का

२३ जून २०२१, दुबई

अक्का, सादर नमस्कार.

काल ठरल्या वेळी फोन केला. वडिलांनी आधी "बरं आहे" असेच म्हटले. आकडा विचारल्यावर आईने त्यांचे बोट पदराने पुसून मोजले, तेव्हा ९७ आले. मग आईनेच सांगितले की, चार दिवसांपासून त्यांची डावी दाढ ठणकते आहे. तुमचे पत्र वाचले नसते तर ते मी कानाआड केले असते. आज सकाळी चुलतभाऊ त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला आहे. आईंचा पहिला डोस १० एप्रिलला झाला होता, म्हणजे ३ जुलैपासून दुसरा घेता येईल. आत्याकडे जाणे रद्द केले आहे. डॉक्टर काय म्हणतात ते रात्री कळवतो.