साठेखताचा दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला आहे, आता काय करता येईल?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली): माझ्या वडिलांनी 2016 साली तासगाव तालुक्यातील शेतजमिनीचे नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) केले होते. मालक खरेदीखत करून देईना, म्हणून 2019 मध्ये करारपूर्तीचा दावा दाखल केला. पुढे वडिलांना पक्षाघात झाला, तारखांना कोणी गेले नाही आणि दावा काढून टाकला गेला, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या गोष्टीला आता सुमारे आठ महिने झाले असून मालक ती जमीन दुसऱ्याला विकण्याच्या तयारीत आहे. नव्याने दावा लावता येईल का?

उत्तर (वकील, कराड): नवा दावा हा मार्ग बहुधा बंद आहे. प्रथम रोजनाम्याची (न्यायालयातील प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढून त्या दिवशी प्रतिवादीतर्फे कोणी हजर होते का, ते पाहावे. दोन्ही बाजू गैरहजर असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 4 प्रमाणे मुदतीत नवा दावा करता येतो. परंतु प्रतिवादी हजर असून केवळ वादी गैरहजर असेल, तर नियम 8 लागतो आणि नियम 9 त्याच कारणावर पुन्हा दावा करण्यास मनाई करतो. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असल्याने तुमच्या बाबतीत पहिला पर्यायही व्यवहारात उरलेला दिसत नाही.

त्यामुळे दावा मूळ नंबरावर घेण्याचा, म्हणजे काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज हाच खरा उपाय आहे. त्याची मुदत 30 दिवसांची असल्याने सोबत मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागेल. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल या 1981 च्या निकालात म्हटले आहे, पण पक्षकाराने स्वतःही जागरूक असले पाहिजे, हे न्यायालये वारंवार बजावतात.

उत्तर (मिरज): आमच्या घरच्या दाव्यात हाच प्रसंग आला होता. "आजारपणामुळे हजर राहता आले नाही" एवढ्या मोघम वाक्यावर आमचा अर्ज टिकणार नव्हता. दवाखान्यात दाखल केल्याची कागदपत्रे, औषधोपचाराच्या तारखा आणि निकाल कधी व कसा कळला याची हकीकत शपथपत्रात मांडल्यावरच न्यायाधीशांनी ऐकून घेतले, आणि विरुद्ध बाजूस खर्च देण्याच्या अटीवर दावा पुन्हा नंबरावर आला.

प्रश्नकर्ता: रोजनामा मिळाला. प्रतिवादीचे वकील हजर होते.

उत्तर (वकील, कराड): म्हणजे दावा मूळ नंबरावर घेण्याचा नियम 9 खालचाच अर्ज करावा लागेल, आणि तो याच आठवड्यात दाखल व्हावा, कारण दावा निघाल्याचे कळल्यानंतर घालवलेल्या प्रत्येक दिवसाचे कारण न्यायालय विचारणार आहे. जमीन विकू नये म्हणून मनाईचीही मागणी करावी. त्रयस्थाने मोबदला देऊन आणि करार ठाऊक नसताना ती घेतली, असा बचाव पुढे आला तर प्रकरण अवघड होते, मात्र तुमचे साठेखत नोंदणीकृत असल्याने तसा बचाव घेणे त्याला सोपे जाणार नाही.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. करारपूर्ती मागणाऱ्याने आपण उरलेली रक्कम देण्यास सतत तयार व राजी होतो, हे दाखवावे लागते. दीर्घकाळच्या निष्क्रियतेचा आधार घेऊन प्रतिवादी नेमका तोच मुद्दा उपस्थित करील. म्हणून वडिलांनी पाठवलेल्या नोटिसा, पैशांची तजवीज दाखवणारे बँकेचे उतारे आणि विसाराची पावती आताच एकत्र करून वकिलांकडे द्यावी. अर्ज नामंजूर झाला, तर त्या आदेशाविरुद्ध आदेश 43, नियम 1 प्रमाणे अपील करता येते.