फुंकायला नकार दिला, आता लायसन्सचं काय?

दूधटेम्पो_करंजे

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

माझा दुधाचा टेम्पो आहे. पहाटे साडेतीनला करंज्यातून निघायचं, मेढा-कुडाळ बाजूचे कॅन उचलायचे आणि साडेसातच्या आत साताऱ्यात खाली करायचे. चौदा वर्षं हेच. मागच्या बुधवारी कण्हेरला चुलतभावाची हळद होती. टेम्पो दारात ठेवून मोटरसायकलवर गेलो होतो. दोन बिअर झाल्या. निघताना साडूनं 'एवढ्याला काय ठेवायचं मागं' म्हणत ग्लास पुढं केला, तो उभ्याउभ्याच संपवला आणि किक मारली. वीसेक मिनिटांत मोळाच्या ओढ्यापाशी नाकाबंदी.

हवालदारानं नवी नळी प्लास्टिकमधून फोडून मशीनला लावली. म्हणाला, "फुंका, आवाज थांबेपर्यंत." माझ्या डोक्यात मांडवातलं वाक्य फिरत होतं, 'फुंकायचंच नाही, आकडा नाही तर केस नाही.' तोंड मिटून उभा राहिलो. त्यानं परत विचारलं, मी म्हटलं नाही. त्यानं घड्याळ बघून वेळ लिहिली आणि सोबतच्या दोघांच्या सह्या घेतल्या. चौकीत पुन्हा मशीन पुढं केलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग सिव्हिल, दंडातून रक्त, बाटल्यांना सील. जामीन होईपर्यंत रात्रीचा दीड वाजला. लायसन्स काढून घेतलं, हातात पावती.

आता भाच्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं की टेस्टला नकार दिला तर लायसन्स वर्षभर बंद, केस सिद्ध होवो न होवो. खरंय का? केस मोटरसायकलची आहे, तर टेम्पोचं लायसन्सपण जाणार का? आणि एक जण म्हणतो कोर्टात पहिल्याच तारखेला कबूल करून दहा हजार भर, विषय संपव. तसं करू का? घरात चार दिवस कोणी धड बोलत नाहीये, म्हणून इथं विचारतोय.

कंदीपेढा

साडूला टेम्पोवर बसव. ग्लास त्यानंच पुढं केला होता ना.

जुना_बिल्ला

बाळा, मी खात्यातून निवृत्त झालोय. शेवटची नऊ वर्षं सांगली-मिरजेत वाहतुकीला होतो. तुझ्यासारखे शेकड्यानं बघितलेत. कांदा चावणारे, बडीशेप मुठीनं खाणारे, एकानं तर तोंडात रुपयाचं नाणं धरलं होतं, कुणीतरी सांगितलं होतं म्हणे की तांब्यानं आकडा उतरतो. रुपयाच्या नाण्यात तांबं कुठलं आलंय! मशीन तोंडाचा वास मोजत नाही, फुप्फुसाच्या तळातली हवा मोजतं. म्हणून तर लांब फुंकायला लावतात.

आता तुझं. भाच्यानं वाचलं ते आपल्या देशातलं नाही. आपल्याकडं मोटार वाहन कायदा १९८८ चालतो. त्यात नुसत्या नकाराला लायसन्स बंद करायची वेगळी शिक्षा नाही. फार तर कलम १७९, कायदेशीर आदेश मोडल्याचं, दोन हजारांपर्यंत दंड. पण म्हणून नकारानं माणूस सुटतो असं समजू नकोस. कलम २०३ खाली, नकार दिलास आणि पोलिसाला तू प्यायल्याचा वाजवी संशय असला, तर वॉरंटशिवाय अटक होते. चौकीत फुंकायची आणखी एक संधी द्यावी लागते, ती तुला दिली. तिथंही नाही म्हटलास की कलम २०४, डॉक्टरकडून रक्त. आणि २०५ सगळ्यात वाईट. नकाराला सबळ कारण दाखवता आलं नाही, तर कोर्ट तो नकारच तुझ्याविरुद्धच्या पुराव्याला आधार म्हणून धरू शकतं. त्या हवालदारानं वेळ लिहून दोन सह्या घेतल्या ना, त्या यासाठीच. काम पक्कं केलंय त्यानं.

तरी कलम १८५ चा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा नुसत्या नकारावर उभा राहत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल दिसलं पाहिजे. सगळी मदार आता रक्ताच्या रिपोर्टवर.

लायसन्स दोन वाटांनी जाऊ शकतं, हे लोकांना माहीतच नसतं. एक वाट आरटीओची. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०६ मध्ये चौथं पोटकलम आलं. १८५ चा संशय असला तर पोलिसानं लायसन्स घेऊन आरटीओकडं पाठवायचं. तिथं कलम १९ खाली तुला म्हणणं मांडायची संधी देऊन मग निर्णय होतो. पहिल्या वेळी तीन महिने बंदी, दुसऱ्यांदा लायसन्सच रद्द. दुसरी वाट कोर्टाची, तिचं खाली सांगतो.

त्याआधी एक विचारतो, खरं सांग. त्या पावतीवर टेम्पो चालवतोयस का?

दूधटेम्पो_करंजे

काका, चालवतोय. चार पहाटा झाल्या. पावती म्हणजे लायसन्सच ना? मागं एकदा सिग्नलच्या केसमध्ये तसंच होतं.

जुना_बिल्ला

ते जुनं. या पावतीवर चालवता येत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत ही पोच गाडी चालवायला परवाना ठरत नाही, असं त्या पोटकलमातच लिहिलंय. आज रात्रीच बदली ड्रायव्हर बघ. पहाटेच्या धुक्यात कुणी आडवा आला तर पोलीस केस राहील बाजूला, विम्याचं घोंगडं आयुष्यभर गळ्यात पडेल. मोबाईलमधलं डिजिटल लायसन्स दाखवायच्या भानगडीतही पडू नकोस. बंदी झाली की सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते, पोलिसाला एका मिनिटात दिसतं. आणि बंदीच्या काळात चालवताना सापडलास तर कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही.

हळदीचं_पेव

मी सांगलीचा. कोर्टाचं मी सांगतो काकांच्या आधी, कारण ती ठेच मला लागलीय.

माझा ट्रक तासगावचा बेदाणा भरून जायचा. अंकलीजवळ मला धरलं. मी फुंकलो होतो, आकडा बासष्ट. मलाही असाच एक शहाणा भेटला. म्हणाला कबूल कर, दंड भर, एक तारखेत मोकळा. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, मी छाती फुगवून म्हटलं कबूल. दहा हजार झाले. वर सहा महिने लायसन्स बंद. मी वकिलाकडं बघतोय, वकील फायलीत बघतोय.

नंतर कळलं. १८५ मध्ये दोषी ठरलं की कलम २० खाली कोर्टाला लायसन्सवर बंदी घालावीच लागते, आणि ती सहा महिन्यांपेक्षा कमी घालता येत नाही. दहा हजार हा स्वस्त भाग आहे भावा. हे जागेवर दंड भरून मिटणारं कलमच नाही, तडजोडीच्या यादीत ते नाही.

सहा महिने स्वतःच्या ट्रकमध्ये किन्नरच्या, म्हणजे क्लीनरच्या सीटवर बसून फिरलो. पगारी ड्रायव्हर माझ्या गाडीचा क्लच दाबून ठेवून चालवायचा, मी खिडकीबाहेर बघत बसायचो. घाटात त्यानं गियर खेचला की माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा, तिथं नुसता पत्रा.

जुना_बिल्ला

पेववाल्यांनी नेमकं सांगितलं. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मिरज_सॅम्पल

मी मिरजेत लॅबमध्ये आहे. पोलिसांचे नमुने आमच्याकडं तपासले जात नाहीत, ते सरकारी रासायनिक विश्लेषकाकडं जातात. पण मांडवातल्या त्या सल्ल्याबद्दल एक सांगायलाच हवं.

करंजेकर, तुम्ही शेवटचा ग्लास उभ्याउभ्या घेतलात आणि वीस मिनिटांत पकडले गेलात. पोटातली दारू पूर्ण रक्तात उतरायला साधारण अर्धा ते दीड तास लागतो, जेवण भरपेट असेल तर आणखी. म्हणजे ओढ्यावर तुमचा आकडा चढतीवर होता. तिथं फुंकला असता तर कदाचित कमी आला असता. नकार देऊन तुम्ही चौकी, कागद, सिव्हिल असा तासभर काढलात आणि पुरतं चढल्यावर रक्त दिलंत. उलट शेवटचा घोट तीन-चार तासांपूर्वीचा असता तर उशिराचा फायदा झाला असता, शरीर ताशी साधारण पंधरा मिलिग्रॅम उतरवतं. कुणाचं वीस, कुणाचं दहा. अमका वेळ थांबलं की सुटतो असं सूत्र कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता रक्त घेतानाचं आठवून लिहून ठेवा. सुई टोचण्याआधी कातडी कशानं पुसली? स्पिरिटचा बोळा असेल तर ती हरकत घेण्यासारखी गोष्ट आहे, अशा नमुन्याला स्पिरिट वापरायचं नसतं. बाटलीच्या तळाशी पांढरी पूड होती का? ते सोडियम फ्लोराइड. नसेल तर रक्त उघड्यावर आंबतं आणि नसलेलं अल्कोहोल तयार होऊ शकतं. सीलवर सही कुणाची घेतली? अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ यात किती अंतर होतं? कलम २०२ मध्ये दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडून द्यावं लागतं असं आहे. हे वकिलाला सांगा, इथं नको.

आणि ज्यांना खरोखर दमा आहे त्यांच्यासाठी, विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या मामांना विश्रामबागेत फुंकायला सांगितलं, दम पुरेना, मशीन सारखी चूक दाखवी. पोलिसाला वाटलं नाटक. मामांनी खिशातून पंप काढला आणि आपण होऊन म्हणाले, "रक्त घ्या, आत्ता घ्या." २०५ मध्ये सबळ कारणाची सवलत आहे ती अशांसाठी. पण कारण तिथल्या तिथं सांगायचं, कोर्टात सहा महिन्यांनी आठवायचं नाही.

मूळगाव_वाई

भाच्यानं काय वाचलं ते मी सांगतो, मी कॅलिफोर्नियात असतो. इथं गाडी चालवतोस म्हणजे टेस्टला संमती दिलीसच असं कायदा धरतो. अटकेनंतरची श्वासाची किंवा रक्ताची टेस्ट नाकारली की इथलं आरटीओ, म्हणजे डीएमव्ही, पहिल्या नकारालाच एक वर्ष लायसन्स बंद करतं. कोर्टाचा निकाल काहीही लागो. ते आपल्याकडं लागू नाही. इंटरनेटवर शोधलं की इथलंच वर येतं, मग साताऱ्यातला माणूस आमच्या कायद्यानं घाबरतो.

दूधटेम्पो_करंजे

सगळ्यांचे आभार. टेम्पो काल रात्रीपासून उभा आहे. आज शेजारच्या गड्यानं फेरी मारली, त्यानं कुडाळचे दोन कॅन विसरले.

बोळ्याचं आठवतंय. लाल-पिवळं औषध होतं, स्पिरिट नव्हे, थंड लागलं नाही. म्हणजे तिथं काही हाती नाही. आरटीओत काय बोलू ते कुणी सांगेल का? वकिलांचं म्हणणं, तिथं मी स्वतःच जावं.

जुना_बिल्ला

स्वतःच जा. आणि 'साहेब, मी घेतलीच नव्हती' असं सुरू करू नकोस, रिपोर्ट यायचाय. अर्ज लेखी दे, पोच घे. त्यात लिही की रक्ताचा अहवाल प्रलंबित आहे, तो येईपर्यंत निर्णय थांबवावा. चौदा वर्षांत अपघात नाही हे लिही. तुझा दुसरा प्रश्न राहिला होता, तो इथं कामाला येतो. कलम १९ मध्ये बंदी सगळ्या वर्गाच्या वाहनांवर किंवा काही वर्गांवर घालता येते असे शब्द आहेत. घटना मोटरसायकलवरची आहे, पोट टेम्पोवर आहे, तर बंदी झालीच तर मोटरसायकलपुरती ठेवावी, अशी विनंती कर. मान्य होईलच असं नाही. व्यावसायिक चालकानं प्यावी हेच साहेबांना जास्त खटकेल, त्याची तयारी ठेव. कोर्टाच्या बंदीलाही कलम २० मध्ये तशीच मुभा आहे, वकिलाला आठवण दे.

आदेश विरोधात गेला तर तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील. आदेशात कारणं सविस्तर लिहिलेली असावी लागतात, ती बघ. नुसता रबरी शिक्का असेल तर अपिलाला तोच मुद्दा.

कंदीपेढा

साडूचं काय झालं शेवटी?

दूधटेम्पो_करंजे

साडू आलेला काल. म्हणतो मी चालवतो टेम्पो. त्याचं लायसन्स मागितलं तर मागच्या वर्षीच संपलंय.

सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे, काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज टाईप करून ठेवलाय. तोवर मेढा-कुडाळ रूटला बदली ड्रायव्हर पाहिजे. पहाटे साडेतीन, पगार रोजचा रोज. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा. लायसन्स आधी बघणार, मग चावी देणार.