ब-104 चा करार आणि बिलातले 420 रुपये

ब-104 : सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाच्या कराराची मुदत मागच्या महिन्याच्या 31 तारखेला संपली असून, तीन वेळा फोन करूनही "मुलांची परीक्षा झाल्यावर बघू" एवढेच उत्तर मिळत आहे. त्याच वेळी या महिन्याच्या देखभाल बिलात नॉन-ऑक्युपन्सीचे (सदनिकेत स्वतः न राहता ती भाड्याने दिल्याबद्दलचे) 420 रुपये नेहमीप्रमाणे लागून आले आहेत. समितीला हे शुल्क दरमहा न चुकता घेता येते, तर त्या गृहस्थांना चार शब्द समजावून सांगता येत नाहीत का?

सचिव : नमस्कार. आपल्या भावना समजू शकतो. परंतु आपण व आपले भाडेकरू यांच्यातील करारात सोसायटी पक्षकार नाही. शिवाय नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच कार्यालयात जमा करण्याबाबत आपल्याला दोन पत्रे दिली होती, त्यांपैकी एकाचेही उत्तर आजतागायत आलेले नाही, हे नाइलाजाने नमूद करावे लागत आहे.

क-402 (नाना) : नॉन-ऑक्युपन्सी म्हणजेच बिनभोगवटा शुल्क हे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्ण बिलाच्या नव्हे, सेवाशुल्काच्या.

ब-104 : करार आहे. एजंटने 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करून नोटरी करून दिला होता. अकरा महिन्यांचाच असल्यामुळे नोंदणीची गरज नाही, असे त्यांनी सांगितले होते.

अ-101 (वकीलताई) : दादा, हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मी दर महिन्याला किमान एकाचा तरी दूर करते. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हे जुन्या नोंदणी कायद्यावरून लोकांच्या डोक्यात बसले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार मात्र भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (घर ठरावीक मुदतीपुरते फक्त वापरायला देण्याचा) करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. ती पार न पाडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्याहून अडचणीचे म्हणजे, वाद झाल्यास अटींबाबत राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. उद्या त्यांनी अनामत दीड लाख दिली होती असे म्हटले, तर ती एक लाखच होती हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल.

ब-203 : एकूण नोटरीचा शिक्का गोल असतो तो याचसाठी, मालकाने गोल गोल फिरत राहावे म्हणून. 😀

ब-104 : आपल्याला विनोद सुचतो आहे, हे पाहून आनंद झाला.

ब-203 : वाईट वाटून घेऊ नये. तीन वर्षांपूर्वी क-201 च्या वेळी मीही याच रांगेत उभा होतो, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

अ-101 (वकीलताई) : नोंदणीचा खर्च किती वाचला तेही पाहा. दरमहा 22,000 भाडे, अकरा महिन्यांचे 2,42,000. परत करायच्या एक लाख अनामतीवर वार्षिक 10 टक्के व्याज धरून त्या मुदतीचे साधारण 9,167. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे 630 रुपये, आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. हे काम ऑनलाइन होते, आधार क्रमांक आणि अंगठा देऊन, दोन्ही पक्षांना निबंधक कार्यालयात जावेही लागत नाही. हे सोळा-सतराशे रुपये वाचवण्याच्या नादात कलम 24 चे संरक्षण डळमळीत झाले.

ब-201 (काकू) : ताई, कलम 24 म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना कळेल असे सांगा.

अ-101 (वकीलताई) : काकू, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि समोरचा बाहेर पडला नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे न थांबता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने मागता येते. लेखी करारातील मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून तो कागद नीट असावा, इतकेच.

क-402 (नाना) : पुन्हा एकदा नम्रपणे लिहितो. सेवाशुल्काच्या 10 टक्के. शासनाचा आदेश 1 ऑगस्ट 2001 चा आहे.

अ-604 : मला राहवत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या इमारतीत गुंतवणूक म्हणून सदनिका घेतलेले काही सभासद वार्षिक सभेला येत नाहीत, टाकी गळत असली तर फोन उचलत नाहीत, आणि भाडेकरू अडून बसला की मात्र सोसायटीने पुढाकार घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. पाण्याचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवला की परीक्षा आपोआप संपेल.

अ-101 (वकीलताई) : कृपया असे काही करू नये आणि ग्रुपवर लिहूही नये. जीवनावश्यक पुरवठा तोडणे हा याच अधिनियमाच्या कलम 29 खाली अपराध आहे. एका चुकीच्या कागदाचे प्रकरण आपण फौजदारी करून ठेवू.

ब-104 : अ-604, सभेला मी आलो नाही हे मान्य. पण माझी देखभाल कधी थकलेली नाही. इथे राहणाऱ्या किती जणांना तसे म्हणता येईल, ते कोशाध्यक्षांना विचारावे.

सचिव : वैयक्तिक टिप्पणी टाळावी ही विनंती. 🙏

क-503 : मी नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. माझे पुढच्या महिन्यात दुसरी सदनिका घेण्याचे चालले आहे. किंमत 80 लाख, कर्ज 60 लाख, आणि त्या भागात 22,000 भाडे मिळते असे विक्री करणाऱ्यांनी सांगितले आहे. भाड्यातून हप्त्याचा बराचसा भाग निघेल, असा माझा हिशोब होता. हे सगळे वाचून पोटात गोळा आला आहे.

अ-302 : मी 31 वर्षे बँकेत कर्ज विभागात काढली, तेव्हा सवयीने आकडे मांडतो. 60 लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे 52,000 रुपये होतो. भाडे 22,000. म्हणजे बराचसा भाग नव्हे, निम्म्याहूनही कमी. आता भाड्याचे वर्षाचे 2,64,000 धरा आणि त्यातून वजा करत चला. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर महिनाभर रिकामे राहते, ते 22,000. दलाली एका महिन्याची, आणखी 22,000. देखभाल दरमहा 4,000 प्रमाणे 48,000. मालमत्ता कर 9,000 धरला आणि रंग, नळ, गीझर यांना 15,000 धरले, तर हातात राहतात 1,48,000. 80 लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांनाही पोचत नाही. घराची किंमत वाढेल या भरवशावर घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, परंतु तो भरवसा आहे, उत्पन्न नव्हे, हे स्वतःशी कबूल करून घ्यावे आणि उरलेला 30,000 चा हप्ता पगारातून किती वर्षे सोसेल ते आधी तपासावे.

क-503 : पण व्याजावर कर वाचतो ना, काका?

अ-302 : कोणती करप्रणाली निवडली आहे, जुनी की नवी, त्यावर ते अवलंबून आहे. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट दोन्हींकडे मिळते, मग दुरुस्तीला प्रत्यक्षात पाच हजार लागोत की पन्नास. व्याजामुळे तोटा दिसला, तर जुन्या प्रणालीत तो वर्षाला 2 लाखांपर्यंतच पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वळता करताच येत नाही. विक्री करणारे हे शेवटचे वाक्य सहसा गाळतात.

ब-203 : विक्री करणारे "कार्पेट" शब्दही गाळतात. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, चटई क्षेत्र (कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा) आणि ताबा देण्याची तारीख पाहिल्याशिवाय टोकनचा चेक फाडू नये.

ब-201 (काकू) : आमच्या दोन सदनिका बारा वर्षे भाड्याने आहेत आणि देवाच्या दयेने एकदाही वकिलाकडे जावे लागले नाही, म्हणून माझी पद्धत सांगते. किल्ली देण्याआधी मी रिकाम्या घरात एकटी जाते, प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे, ओट्याच्या फरशीचे, सिंकखालच्या कपाटाचे दार उघडून, असे फोटो काढते. वीजमीटरचे रीडिंग आकडे वाचता येतील इतक्या जवळून घेते. किती पंखे, किती किल्ल्या, गीझर चालू आहे का, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या होतात आणि तो कागद कराराला जोडला जातो. घर सोडताना तोच कागद हातात घेऊन आम्ही दोघे फिरतो. गेल्या वर्षी एका मुलाने ओट्याला पडलेली चीर जुनीच आहे असे सांगितले, मी फोटो दाखवला, तो हसला आणि अनामतीतून 3,000 कापून घ्या म्हणाला. वीजबिल आपल्या नावावर असते, तेव्हा शेवटचे बिल भरल्याशिवाय अनामत परत करायची नाही, हेही आधीच लिहून ठेवावे.

अ-604 : काकू, अविवाहित मुलांना घर दिल्याबद्दल गेल्या वर्षी इथे काय चर्चा झाली होती, ते मी आठवून देत नाही.

ब-201 (काकू) : आठवून देऊ नका असे म्हणत आठवून दिलेत, धन्यवाद. त्या मुलांनी दर महिन्याच्या 3 तारखेला भाडे भरले आणि जाताना घर पुसून दिले. अविवाहितांना मनाई असल्याचा उपविधीतला नियम तुम्हाला सापडला, तर मलाही वाचायला द्या.

क-402 (नाना) : विषयांतर होत आहे म्हणून तिसऱ्यांदा लिहितो. ब-104 च्या बिलाचा फोटो मी पाहिला. एकूण बिल 4,200, त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम), दुरुस्ती निधी आणि लिफ्टचा खर्च वेगवेगळा दाखवला आहे. सेवाशुल्क 2,400. त्याचे 10 टक्के 240 होतात. 420 हा आकडा एकूण बिलावर काढलेला आहे.

सचिव : नाना, ही पद्धत आमच्या समितीने सुरू केलेली नाही, ती आधीपासून चालत आलेली आहे.

क-402 (नाना) : चालत आलेली चूक ही चूकच असते. आणि आई-वडील, मुले किंवा भावंडे राहत असतील, तर हे शुल्क लागतच नाही. अ-405 मध्ये सख्खी बहीण राहते आणि शुल्क लागते आहे, तेही पाहावे.

ब-104 : नाना, आभारी आहे. वकीलताई, मी आता नेमके काय करावे?

अ-101 (वकीलताई) : आज रात्रीच त्यांना भांडणाचा सूर न आणता, मुदत संपल्याची तारीख आणि घर सोडण्याची तारीख घालून लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. भाडे व अनामत बँकेतून आली असेल तर ती विवरणे काढून ठेवावीत, नोटरीच्या कागदाला आता त्यांचाच आधार आहे. पुढचे भाडे आले तर "मुदतीनंतरच्या वापराबद्दल, हक्क राखून" असे लिहून पावती द्यावी. परीक्षेपर्यंत राहू द्यायचे ठरलेच, तर तेवढ्या मुदतीचा करार नोंदवून द्यावा. त्याने तुमची बाजू आजच्यापेक्षा भक्कम होईल.

ब-104 : भाडे बँकेतूनच येते. अनामतीतले 40,000 मात्र रोख घेतले होते.

ब-203 : पावती?

ब-104 : नाही.

सचिव : ब-104 यांचे बिल पुढील महिन्यापासून 240 रुपये शुल्काप्रमाणे काढले जाईल. अ-405 चे प्रकरण तपासतो. नोंदणीकृत कराराची प्रत मात्र सर्व संबंधितांनी या महिनाअखेरपर्यंत जमा करावी.

क-402 (नाना) : आणि मागचे? दरमहा 180 जास्त, बारा महिने. 2,160 होतात.

सचिव : समितीच्या बैठकीत विषय ठेवतो.

क-402 (नाना) : बैठकीची तारीख?