दुसऱ्या पिढीतील उंच वाटाणा संकरित असण्याची शक्यता 1/2 की 2/3?

प्रश्न

मी आनुवंशिकतेचा अभ्यास नुकताच सुरू केला असून एका उदाहरणापाशी अडले आहे. शुद्ध उंच आणि शुद्ध बुटक्या वाटाण्याचा संकर केला, पहिल्या पिढीतील रोपांचे स्वपरागण होऊ दिले आणि दुसऱ्या पिढीतील उंच रोपांमधून कोणतेही एक निवडले, तर ते संकरित असण्याची शक्यता किती? उंचीचे प्रभावी जनुक ‘उ’ आणि बुटकेपणाचे अप्रभावी जनुक ‘ब’ मानून मी चौकट आखली, तेव्हा चार घरांत उउ, उब, बउ आणि बब अशा जोड्या आल्या. चारांपैकी दोन संकरित, म्हणून मी 1/2 लिहिले. उत्तरसूचीत मात्र 2/3 आहे. ही छपाईची चूक आहे की माझ्या समजुतीची?

उत्तर 1

उत्तरसूची बरोबर आहे आणि तुमची चौकटही बरोबर आहे. चुकला आहे तो छेद. रोप उंच आहे हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले, त्याच क्षणी ‘बब’ हे घर बाद झाले. उरलेल्या तीन घरांपैकी दोन संकरित आहेत, म्हणून 2/3. उब आणि बउ यांचा जनुकप्रकार एकच असला तरी ‘उ’ एकदा बीजांडातून आणि एकदा परागातून आलेला असतो. हे दोन मार्ग वेगळे मोजले नाहीत तर चौकटीचा सगळा हिशेबच कोसळतो. रोप अजून उगवलेच नसते, तर तुमचे 1/2 हेच योग्य उत्तर ठरले असते.

उत्तर 2

ही केवळ कागदावरची आकडेमोड नव्हे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल यांना दुसऱ्या पिढीतील 1064 रोपांमध्ये 787 उंच आणि 277 बुटकी मिळाली. बहुतेक जण 3:1 हे गुणोत्तर पाठ करून इथेच थांबतात, पण माझ्या मते त्यांच्या कामाचा खरा कणा पुढच्या पायरीत आहे. त्यांनी उंच रोपांपैकी 100 रोपांच्या बिया वेगवेगळ्या पेरल्या, तेव्हा 28 रोपांची संतती सगळीच उंच निघाली आणि 72 रोपांची संतती मिश्र निघाली. गोल बियांपासून वाढवलेल्या 565 रोपांपैकी 193 रोपांनी फक्त गोल बिया दिल्या, तर 372 रोपांनी गोल आणि सुरकुतलेल्या अशा दोन्ही दिल्या. म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या 3:1 च्या आत 1:2:1 (शुद्ध उंच, संकरित उंच, बुटकी) दडलेले आहे, आणि तुमचे 2/3 हे त्यातीलच आहे. शेंगेच्या रंगाच्या प्रयोगात हे प्रमाण 40 आणि 60 असे आले, तेव्हा ते अपेक्षेपासून दूर वाटल्याने त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला आणि या वेळी 35 आणि 65 मिळाले.

उत्तर 3

वरील माहितीत एक सूक्ष्म पण महत्त्वाची भर घालतो. बीचा आकार शेंग सोलताच दिसतो. उंचीसाठी मात्र बी पेरून रोप वाढू द्यावे लागते, म्हणून अशा लक्षणांसाठी मेंडेल यांनी प्रत्येक रोपाच्या दहाच बिया पेरल्या. संकरित रोपाचे प्रत्येक अपत्य उंच असण्याची शक्यता 3/4 असते, त्यामुळे दहाही अपत्ये उंच निघण्याची शक्यता 3/4 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 5.6 टक्के येते. अशी संकरित रोपे चुकून शुद्ध म्हणून मोजली जातात, आणि शंभरांत 67 ऐवजी साधारण 63 रोपेच मिश्र संतती देणारी दिसायला हवीत. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली हा मुद्दा मांडला होता.

याच कारणामुळे परीक्षण संकर अधिक खात्रीचा ठरतो. शंकास्पद उंच रोपाचा संकर बुटक्या रोपाशी करावा. बुटक्या रोपाकडून फक्त ‘ब’ येत असल्याने उंच रोपाने कोणते जनुक दिले हे अपत्यात थेट प्रकट होते आणि संकरित रोपाची निम्मी अपत्ये बुटकी असणे अपेक्षित असते. इथे दहाही अपत्ये उंच निघून फसगत होण्याची शक्यता 1/1024 इतकीच राहते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मग परीक्षण संकरातून पाचच रोपे मिळाली आणि पाचही उंच निघाली, तर मूळ रोप संकरित असण्याची शक्यता 1/32 मानावी का?

उत्तर 1

नाही, कारण इथेही छेद बदलतो. रोप संकरित असून पाचही अपत्ये उंच निघणे म्हणजे 2/3 गुणिले 1/32, अर्थात 1/48. रोप शुद्ध असेल तर सगळी अपत्ये उंचच होणार, म्हणून तो वाटा 1/3, म्हणजेच 16/48. पाहिलेल्या निकालाशी जुळणारे एकूण 17 वाटे झाले आणि त्यांतील एक संकरित रोपाचा आहे, म्हणून उत्तर 1/17.