नव्या प्लास्टरखालून जिप्सम बोर्डांचे जोड दिसत आहेत. रंगाआधी काय करावे?

प्रश्न (खारघर)

आमच्या घरात हॉल आणि अभ्यासाची खोली यांच्यामध्ये जिप्सम बोर्डांचे पार्टिशन उभारून त्यावर जिप्सम प्लास्टरचा पातळ थर दिला आहे. दिवसा समोरून पाहिले तर भिंत सपाट वाटते. परंतु संध्याकाळी बाल्कनीतून तिरके ऊन आले की साधारण चार-चार फुटांवर उभ्या रेषा स्पष्ट दिसतात. प्रायमरचा एक हात झाला आहे. पुट्टीचा आणखी एक हात मारला की सगळे झाकले जाईल, असे कारागिरांचे म्हणणे आहे. तसे खरोखर होते का, की रंगकाम थांबवून जोडच नीट करून घ्यावेत?

उत्तर (ऐरोली, इंटिरियरची कामे करतो)

रंगकाम जरूर थांबवा, कारण रेषा कशामुळे दिसते हे कळल्याशिवाय मारलेली पुट्टी बहुधा दोष वाढवते. दोन फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जोडावर आडवी धरा. पट्टी दोन्ही बाजूंना डुलत असेल तर जोडावर उंचवटा आहे, मधोमध फट दिसत असेल तर खळगा आहे, आणि पट्टी नीट टेकूनही रेषा दिसत असेल तर प्रायमर जोडावर आणि बाजूला कमी-जास्त शोषला गेला आहे. केसासारखी भेग असेल तर ती चौथी आणि सर्वांत गंभीर बाब होय.

उंचवटा बहुतेक वेळा कापलेल्या कडांच्या जोडावर येतो. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे जोडावर लावायची टेप आणि जॉइंट कंपाउंड (जोड भरण्याचा लगदा) त्या खोलगट जागेत बसतात. कापलेल्या कडेला तो उतार नसल्याने टेप वरच राहते. अशा ठिकाणी घासून सपाटी आणण्याचा प्रयत्न केल्यास टेप उघडी पडते. त्याऐवजी जोडाच्या दोन्ही बाजूंना फूट-फूटभर कंपाउंड रुंद पत्र्याने ओढून, कडेकडे शून्यावर आणत नेले, की चढ इतका संथ होतो की डोळ्याला जाणवत नाही. केवळ रेषेवर पुट्टीचा थर चढवला तर उंचवटा अधिकच ठळक होईल.

खळगा असेल तर काम सोपे आहे: वाळताना कंपाउंड आकसले आहे, ते पूर्ण वाळू देऊन पुन्हा भरा. शोषणाच्या फरकासाठी संपूर्ण भिंतीवर पुट्टीचा पातळ हात फिरवून पुन्हा प्रायमर द्यावा लागतो. तुमच्या कारागिरांचा उपाय लागू पडतो तो एवढ्याच बाबतीत.

उत्तर (ठाणे, घोडबंदर रोड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र आपल्याकडच्या दमट हवेचा विचार त्यात यायला हवा. पावसाळ्यात जोडावरचा थर वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो, आणि त्यावर दुसरा हात चढवला की पुढे तो आकसून तीच रेषा परत उमटते. ओला भाग आजूबाजूपेक्षा काळसर दिसतो. तो रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत थांबायलाच हवे, कंत्राटदाराने कितीही घाई केली तरी.

जोडाशेजारी तळहाताने दाबूनही पाहा. बोर्ड किंचित जरी आत जात असेल तर तिथे स्क्रू कमी आहेत किंवा पाठीमागे उभा चॅनल (बोर्डाला आधार देणारी धातूची पट्टी) नाही, आणि ते दुरुस्त होईपर्यंत वरून केलेली कोणतीही मलमपट्टी टिकणार नाही. शेवटचा रंग मॅट घ्या, कारण चकाकीच्या रंगात बारीकसा चढउतारही उठून दिसतो.

प्रश्नकर्ता (खारघर)

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी धरून पाहिली असता उभ्या जोडांवर उंचवटाच निघाला. मात्र दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे जाणारी बारीक भेगही आढळली. तिथली पुट्टी खरवडल्यावर खाली टेप नव्हतीच. आता नुसती टेप लावून भागेल का?

उत्तर (ऐरोली)

माझ्या मते भागणार नाही. दोन बोर्डांचा जोड नेमका चौकटीच्या उभ्या बाजूच्या रेषेत आलेला दिसतो, आणि दार आपटताना बसणारा प्रत्येक हादरा त्याच कोपऱ्यावर येतो. तिथला बोर्ड काढून एकच अखंड तुकडा कोपऱ्याला वळसा घालेल असा, म्हणजे इंग्रजी एलच्या आकारात, कापून बसवायला सांगा, म्हणजे जोड दाराच्या मधोमध वरच्या बाजूला जाईल. त्या जोडावर कागदी टेप कंपाउंडच्या ओल्या थरात दाबून बसवून घ्या. जाळीची चिकट टेपच वापरायची असेल, तर पहिला थर वाळून आकसणाऱ्या कंपाउंडचा न देता पाणी मिसळल्यावर आपोआप घट्ट होणाऱ्या कंपाउंडचा द्यावा. हे झाल्यावर उभ्या जोडांचे काम हाती घ्या, आणि प्रायमरच्या आधी रात्री भिंतीला खेटून बॅटरी तिरकी धरून कारागिरांच्या समक्षच तपासणी करा. त्या उजेडात जे दिसेल ते रंगानंतरही दिसेल.