मदत हवी आहे: होस्टिंग बदललं आणि ब्लॉगवरचं सगळं मराठी बिघडलं, रविवारच्या आत दुरुस्त व्हायला हवं

नौपाडाकर
बाबांचा ब्लॉग आहे, वर्डप्रेसवर, स्वतःच्या डोमेनवर. परवा रात्री होस्टिंग बदललं. फोटो आले, मेनू आला, इंग्रजी शब्द नीट आहेत, पण मराठी सगळा कचरा दिसतोय. चारशेच्या वर लेख आहेत. जुन्या होस्टिंगवाल्यांनी हात वर केले, नवे म्हणतात हा आमचा विषय नाही. फॉन्ट बदलून पाहिला, थीम बदलून पाहिली, काही फरक नाही. रविवारी घरी कार्यक्रम आहे, त्याआधी व्हायलाच हवं. कृपया थेट उपाय सांगा.

घोडबंदर_रोड
थीमच्या जादा सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग शून्य करा. इंग्रजीसाठी केलेल्या थीम शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवतात, त्यात आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लाइन-हाइट १.७ च्या खाली नेऊ नका, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. मी मुक्ता फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवलाय, दोनच वजनं, साधं आणि ठळक. आणि हे सगळं चाइल्ड थीममध्ये करा. मूळ थीमच्या फाइलीत हात घातलात तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. माझी दोन महिन्यांची मेहनत अशीच गेली होती.

पारसिक
फॉन्टचा प्रश्न वाटत नाही. नौपाडाकर, "कचरा" म्हणजे नेमकं काय दिसतंय? प्रश्नचिन्हांची रांग, रिकामे चौकोन, की परकी अक्षरं? तिन्हींची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. शिवाय: ब्लॉग कोणत्या साली सुरू झाला? डेटाबेस (लेख साठवलेले असतात तो) कसा हलवला, प्लगिनने की तो हाताळायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून? जुनं होस्टिंग अजून चालू आहे का?

ऐरोलीकर
माझं ऐका, या होस्टिंगवाल्यांचा नादच सोडा. ऐरोलीत माझ्या घरी राउटरच्या शेजारी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवलाय, चार वर्षं त्यावर ब्लॉग चालतोय. वीज नगण्य, वर्षाचं बिल नाही, सगळा डेटा आपल्या घरात. सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं, फुकट, आपोआप नवं होतं.

नेरूळवाली
ऐरोलीकर, हे प्रत्येकाला जमत नाही. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही, एका पत्त्यामागे शेकडो घरं असतात. मी टनेल लावून केलं होतं. पावसाळ्यात लाइट गेली, मेमरी कार्ड खराब झालं आणि सहा महिन्यांचं लिखाण गेलं.

ऐरोलीकर
कार्डावर डेटाबेस ठेवलात ही चूक. एसएसडी लावायची आणि छोटा यूपीएस. पायला नाव ठेवू नका.

नौपाडाकर
सर्व्हर घरी ठेवायचा नाहीये. मला फक्त बाबांचे लेख वाचता यायला हवेत.

पारसिक, परकी अक्षरं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यामागे चार पाय फुटलेला छोटा गोळा, मधेमधे जपानी येनची खूण. सगळीकडे हेच. ब्लॉग २००६ चा आहे. जुन्याकडून पीएचपीमायअ‍ॅडमिनने फाइल काढली, नव्या पॅनेलमधून वर्डप्रेस नव्याने टाकलं आणि ती फाइल आत ओतली. जुनं होस्टिंग महिनाअखेरपर्यंत आहे.

तीन लेखांची शीर्षकं हाताने परत टाइप करून पाहिली, तिथे मात्र नुसती प्रश्नचिन्हं येतायत.

पारसिक
आता कळलं. आधी एक: कुठलाही लेख उघडून सेव्ह करू नका, काही टाइप करू नका.

तुमचे लेख गेलेले नाहीत. युटीएफ-८ या सगळ्या लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ते तीन बाइट डेटाबेसात जसेच्या तसे आहेत, फक्त तीन सुटी लॅटिन अक्षरं म्हणून वाचले जातायत. तो ए, तो गोळा, ती येनची खूण म्हणजे तेच. देवनागरीच्या पहिल्या ६४ चिन्हांना गोळा येतो, पुढच्यांना येन.

असं का झालं? वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबी_कॅरसेट ही, डेटाबेसशी कोणत्या संकेतप्रणालीत बोलायचं ते सांगणारी ओळ २००७ मध्ये आवृत्ती २.२ पासून आली. बाबांचा ब्लॉग त्याआधीचा. जुन्या फाइलमध्ये ती ओळच नसणार, आणि टेबलं लॅटिन१ ची, म्हणजे फक्त युरोपी अक्षरांच्या जुन्या संकेतप्रणालीची. (पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या कोलेशन रकान्यात "लॅटिन१_स्वीडिश_सीआय" दिसेल. मायएसक्यूएल मूळ स्वीडनमधल्या कंपनीचं, त्यामुळे स्वीडिश.) मराठी त्यात इतकी वर्षं गुपचूप बसलं होतं. नव्या वर्डप्रेसने तीच ओळ युटीएफ८एमबी४ (युटीएफ-८ चंच पूर्ण रूप) अशी घातली, म्हणून गोंधळ. आणि तुम्ही नव्याने टाइप केलेलं मराठी लॅटिन१ च्या टेबलात मावत नाही, त्याची प्रश्नचिन्हं होतात. ती तीन शीर्षकं नव्या डेटाबेसातून परत येणार नाहीत, जुन्याकडून घ्यावी लागतील.

रविवारसाठी: आधी पूर्ण डेटाबेस उतरवून लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेवा. मग कॉन्फिगमध्ये डीबी_कॅरसेटची किंमत लॅटिन१ करा. एवढंच. कॅशचं (तयार पानं साठवून ठेवणारं) प्लगिन असेल तर कॅश पुसा.

कोपरीपूल
सुधारताच आहात तर पर्मालिंकही (लेखांचे कायमचे पत्ते) इंग्रजी करून टाका. मराठी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची शेपटी होते. शिवाय एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि पत्त्याची मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. पुढचं वर्डप्रेस कापून टाकतं.

नेरूळवाली
आत्ता पर्मालिंकला हात लावायला सांगू नका हो. चारशे जुने दुवे मोडतील. मराठी लेखाचा पत्ता मराठीत असला तर बिघडलं काय? ब्राउझरमध्ये छान वाचता येतो.

कोपरीपूल
पुनर्निर्देशन लावता येतं. वाचणाऱ्याला पत्त्याशी देणंघेणं नसतं, पाठवणाऱ्याला असतं.

नौपाडाकर
पर्मालिंक बदलणारच नाही. हे आधी लिहायला हवं होतं: रविवारी बाबांची पंच्याहत्तरी आहे, पाचपाखाडीच्या हॉलवर. पत्रिकेवर क्यूआर कोड छापलाय आणि सगळ्या पत्रिका वाटून झाल्यात. तो कोड "कचराळी तलावाच्या काठावरची माणसं" या लेखावर जातो. त्याचा पत्ता "काठावरच" इथेच तुटलेला आहे, बाबांना ते कायम खुपतं, पण आता तोच हवा. तो लेख उघडेल ना?

पारसिक
उघडेल. पत्ता डेटाबेसात टक्क्यांच्या रूपात असतो, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, त्याला या बिघाडाचा धक्का लागत नाही. फक्त पर्मालिंकची रचना जुनीच आहे ना ते सेटिंग्जमध्ये बघा. तारीख-महिना असलेली होती का?

तलावपाळी
अवांतर: कचराळीवरचा हा लेख मी वाचलाय! पहाटे फिरायला येणाऱ्यांत एक निवृत्त मोटरमन असतात ना त्यात? आम्ही रोज मासुंदा तलावाला फेऱ्या मारायचो, हा लेख वाचून आठवडाभर कचराळीला गेलो. काकांना नमस्कार सांगा. रायलादेवी तलावावरही त्यांनी लिहावं.

ऐरोलीकर
एसएसडीबद्दल कुणाला माहिती हवी असल्यास व्यनि करा.

नौपाडाकर
झालं!! डेटाबेस दोन ठिकाणी ठेवला, ती एक ओळ बदलली, पान ताजं केलं. तरी येनच. कॅश पुसली आणि शीर्षक आलं, कचराळीचा ळ आणि त्याची वेलांटी पहिल्यांदा दिसली. मी बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून सरळ खाली गेले, प्रतिक्रियांपर्यंत. आईची एक जुनी प्रतिक्रिया आहे तिथे, ती आहे का ते बघायला. आहे.

पर्मालिंकची रचना चुकली होती, तारीख-महिना होता. तो परत लावला, पत्रिकेवरचा कोड तीन फोनवरून तपासला. तीनही शीर्षकं जुन्या होस्टिंगवरून कॉपी करून भरली. पारसिक, कसे आभार मानू कळत नाही.

एकच राहिलं. हे लॅटिन१ असंच ठेवलं तर चालेल का?

पारसिक
रविवार होईपर्यंत ठेवा, नंतर नको. पुढचं कुठलंही स्थलांतर याच खड्ड्यात पडेल. टेबलांचं रूपांतर युटीएफ८एमबी४ मध्ये करायचं, पण थेट नाही: लिखाणाचे रकाने आधी ब्लॉबमध्ये (नुसते बाइट, कुठलीही संकेतप्रणाली न लावता), मग तिथून युटीएफ८एमबी४ मध्ये. थेट केलंत तर ती परकी अक्षरंच पक्की होतात. आधी प्रतीवर करून बघू. सोमवारी इथेच लिहा, आणि जुनं होस्टिंग तोवर बंद करू नका.